सातबारा, मुखत्यार आणि मॉर्गेज : कोर्टकचेरीच्या शब्दांची कुळकथा

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्यासारख्या मराठी माणसांच्या कपाटात साधारणपणे दोन फायली असतात. एक इथल्या घराची. तिच्यात मॉर्गेज, फ्रीहोल्ड, डीड असले शब्द. दुसरी फाईल तिकडची. तिच्यात सातबाऱ्याचा उतारा, एखादे मुखत्यारपत्र, आजोबांच्या वेळचे पिवळे पडलेले खरेदीखत. गंमत अशी की दोन्ही फायलींतले शब्द आपल्याला सारखेच परके वाटतात. एक इंग्रजीत आणि दुसरी मराठीत असूनही!

मी वकील नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझा व्यवसाय संगणक सल्लागाराचा. इथे एम.एस्सी. करायला आलो आणि इथलाच झालो. पण तीस-चाळीस वर्षे जुन्या संगणक प्रणाली दुरुस्त करताना एक गोष्ट शिकलो. एखादी ओळ विचित्र दिसली तर ती लिहिणाऱ्याला नावे ठेवण्याआधी ती कधी, कोणी आणि कशासाठी लिहिली ते शोधावे. बहुतेक वेळा तिथे एक साधे कारण सापडते. कायद्याच्या शब्दांचेही तसेच आहे. ते अवघड आहेत ते त्यांचा अर्थ खोल आहे म्हणून नव्हे. ते राज्यकर्त्यांच्या भाषेतून आले आणि राज्यकर्ते गेल्यावरही मागे राहिले, म्हणून. प्रत्येकाच्या पोटात एक साधा, घरगुती अर्थ असतो. तो एकदा कळला की आपण सही कशावर करतो आहोत हे कळते.

इंग्रजांच्या कोर्टात फ्रेंच

सुरुवात इथल्याच भूमीवरून करू. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. राजा, सरदार, न्यायाधीश सगळे फ्रेंच बोलणारे झाले. कोर्टातला वाद फ्रेंचमध्ये चाले आणि दप्तर लॅटिनमध्ये लिहिले जाई. ज्याच्या शेताचा वाद, तो शेतकरी मात्र इंग्रजी बोलणारा. आपल्या खटल्यात काय बोलले जाते आहे हे त्या बिचाऱ्याला कळत नसे. शेवटी १३६२ साली कायदा झाला, की लोकांना फ्रेंच समजत नाही, तेव्हा कोर्टातले बोलणे इंग्रजीत व्हावे. गंमत म्हणजे हा कायदासुद्धा फ्रेंचमध्येच लिहिला होता! दप्तरातून लॅटिन जायला तर १७३३ साल उजाडावे लागले.

भाषा गेली, पण शब्द राहिले. ‘मॉर्गेज’ हा शब्द घ्या. जुन्या फ्रेंचमध्ये ‘मॉर्’ म्हणजे मेलेले आणि ‘गाज’ म्हणजे तारण. मेलेले तारण! सतराव्या शतकातल्या एडवर्ड कोक या विख्यात कायदेपंडिताने याची फोड अशी केली : कर्ज फेडले नाही तर जमीन ऋणकोला मेली, आणि फेडले तर तारण सावकाराला मेले. आपण पंचवीस वर्षे हप्ते भरतो ते या मयतासाठी!

‘अटर्नी’ म्हणजे ज्याच्याकडे आपण काम वळवले तो माणूस. ‘प्लेन्ट’ म्हणजे विलाप, आणि विलाप करणारा तो ‘प्लेन्टिफ’. ‘व्हर्डिक्ट’ म्हणजे खरे बोललेले. ‘डीड’ मात्र अस्सल इंग्रजी. त्याचा अर्थ एवढाच, की केलेले कृत्य.

कागद लिहिणारे हुशार. लोकांना कळावे म्हणून ते फ्रेंच किंवा लॅटिन शब्दाला इंग्रजी शब्द जोडू लागले. मृत्युपत्राला इथे ‘विल अँड टेस्टामेंट’ म्हणतात त्यातला ‘विल’ इंग्रजी, ‘टेस्टामेंट’ लॅटिन. हे लक्षात ठेवा, कारण अगदी हेच आपल्याकडेही घडले.

आपल्या कोर्टात फारसी

बहामनी, निजामशाही, आदिलशाही अशा राजवटींत महाराष्ट्राच्या कारभारात फारसी मुरली आणि तिच्याबरोबर अरबी शब्द आले. गावचा कुलकर्णी मोडीत मराठी लिही, पण वाक्यातली अर्धी नामे फारसी-अरबी असत. आजही आपण जे शब्द अस्सल मराठी समजून वापरतो, त्यांचे मूळ अर्थ पाहिले की थक्क व्हायला होते.

‘फिर्याद’ म्हणजे फारसीत मदतीसाठी फोडलेला टाहो. म्हणजे इथला प्लेन्टिफ आणि आपला फिर्यादी हे दोघेही मुळात रडणारेच! ‘तक्रार’ म्हणजे अरबीत पुनःपुन्हा सांगणे. सरकारी कचेरीत एकदा सांगून काम होत नाही, हा अनुभव जुनाच दिसतो. ‘वकील’ म्हणजे ज्याच्यावर काम सोपवले तो, अगदी अटर्नीचा जुळा भाऊ. मराठेशाहीत वकील म्हणजे एका दरबाराचा दुसऱ्या दरबारातला प्रतिनिधी. दिल्लीला हिंगणे घराणे पेशव्यांची वकिली करी, ती कोर्टातली नव्हे, राजकारणातली. ‘मुखत्यार’ म्हणजे निवडलेला, ज्याला मर्जीप्रमाणे वागण्याचा अधिकार दिला तो. ‘जामीन’ म्हणजे हमी घेणारा माणूस. पूर्वी जामीन माणूस असे, आता जामीन ‘मिळतो’. ‘इन्साफ’ या शब्दाचे नाते अर्ध्याशी आहे, दोघांना निम्मे निम्मे. ‘दस्त’ म्हणजे फारसीत हात, आणि ‘दस्तऐवज’ म्हणजे हाताशी धरायचा आधार. पोर्तुगीजांनीही आपली भर घातली. जप्त मालाचा ‘लिलाव’ होतो तो त्यांच्या शब्दाने.

आणि त्या ‘विल अँड टेस्टामेंट’सारख्या जोड्या? ‘कागदपत्र’ हा शब्द पाहा. कागद फारसीतून आलेला, पत्र संस्कृत. दोन्हींचा अर्थ एकच. ‘धनदौलत’ तसेच. ‘बक्षीसपत्र’ म्हणजे फारसी मान आणि संस्कृत धड. ‘गहाणखत’ नेमके उलटे : ‘गहाण’ हे संस्कृत ‘ग्रहण’पासून, आणि ‘खत’ म्हणजे लेख, हा अरबीतून आलेला. चारशे वर्षांचा इतिहास एका सामासिक शब्दात!

हा फारसीचा भार पहिल्यांदा जाणीवपूर्वक उतरवायला निघाले ते शिवछत्रपती. त्यांच्या आज्ञेवरून रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला. कारभारातल्या सुमारे चौदाशे यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द त्यात दिले आहेत. अष्टप्रधानांची नावे बदलली. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनीसाचा सचिव, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. यातले सेनापती आणि सचिव आजही ठणठणीत आहेत. पण ‘पेशवा’ या फारसी शब्दाऐवजी ‘मुख्य प्रधान’ ठरवूनही पुढे शंभर वर्षे लोक पेशवाच म्हणत राहिले. कोश करणाऱ्याचे काम शब्द सुचवण्याचे, ठेवायचा की नाही ते लोक ठरवतात.

मराठेशाहीतल्या न्यायाचे कागद वाचायला फार मजा येते. वादी तेव्हा ‘अग्रवादी’, आणि प्रतिवादी ‘पश्चिमवादी’. आधी बोलणारा आणि मागून बोलणारा, इतके सोपे. गावची गोतसभा बसे. तिथे जमलेल्यांसमोर झालेल्या निवाड्याचा कागद म्हणजे ‘महजर’, मूळ अर्थ हजर असणे. त्यावर ज्याला लिहिता येत नाही तो आपल्या धंद्याचे चिन्ह काढी. पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू. जिंकणाऱ्याने सरकारात ‘हरकी’ भरायची आणि हरणाऱ्याने ‘गुन्हेगारी’. आणि ‘राजीनामा’ म्हणजे काय, तर पंच जो निर्णय देतील तो आम्हांला मान्य आहे, आम्ही राजी आहोत, असे दोन्ही पक्षांनी लिहून दिलेला कागद. आज मंत्री राजीनामा देतात तेव्हा ते राजी असतातच असे नाही!

साखळी, गुंठा आणि गाव नमुना

पेशवाई १८१८ साली गेली. मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने पंचायतीची पद्धत शक्य तेवढी टिकवायचा प्रयत्न केला. पण १८२७ साली मुंबई इलाख्याचे कायदे एकत्र छापले गेले आणि हळूहळू न्याय गोतसभेतून उठून कचेरीत गेला. इंग्रजांनी कायदा आपला आणला, पण शब्द बरेचसे जुनेच ठेवले. म्हणून ‘दावा’, ‘अर्ज’, ‘जप्ती’, ‘तहसीलदार’ हे सगळे राहिले.

जमिनीच्या बाबतीत मात्र त्यांनी नवा पाया घातला. १८३५-३६च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यातून नवी मोजणी सुरू केली. आपल्या कागदावरचा ‘सर्व्हे नंबर’ हा त्या परंपरेतला. मोजायला साखळी असे. इंग्रजी साखळी ६६ फुटांची, म्हणजे बरोबर क्रिकेटच्या खेळपट्टीएवढी. आपला गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे त्याची एक बाजू निम्म्या खेळपट्टीची! असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. लॉर्ड्सवर बसून गावच्या जमिनीचा अंदाज करायचा असेल तर हे प्रमाण उपयोगी पडेल.

पुढे १९०३ साली मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा झाला. तलाठ्याच्या दप्तरात एक ते एकवीस क्रमांकांचे ‘गाव नमुने’ असतात. त्यातला सातवा जमिनीवर कोणाचा काय अधिकार आहे ते सांगतो आणि बारावा तिच्यात काय पिकते ते. दोन्ही एकाच कागदावर येतात म्हणून ‘सातबारा’. बस्स, एवढेच! सहावा नमुना म्हणजे ‘फेरफार’, बदलांची नोंदवही. ‘आठ-अ’ म्हणजे एका खातेदाराच्या त्या गावातल्या सगळ्या जमिनींची यादी. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर सातबारा ही आजची स्थिती आहे आणि फेरफार हा बदलांचा इतिहास. जाणकार माणूस आधी फेरफार वाचतो.

विल्यमने १०८६ साली इथे ‘डूम्सडे बुक’ नावाची जमिनींची नोंद केली. तिच्यावर अपील नाही, म्हणून लोक तिला कयामतीच्या दिवसाचे नाव देत. आपला सातबारा मात्र तसा नाही. तो महसुलासाठी केलेला कागद आहे. त्यावर नाव असणे म्हणजे मालकी सिद्ध झाली असे नव्हे, आणि नाव नसले म्हणजे हक्क गेला असेही नव्हे. नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते, एवढेच. मालकी ठरते ती खरेदीखत, वाटणी, वारसा यांवरून.

टपालाने आलेले कागद

हे सगळे मी हौस म्हणून वाचायला लागलो नाही. २०२३ साली माझे वडील गेले. साताऱ्याकडच्या गावी थोडी शेती आहे. तिची वारस नोंद करायची होती. काही दिवसांनी चुलतभावाने पाकीट पाठवले. आत दोन मसुदे : माझ्या सहीसाठी कुलमुखत्यारपत्र आणि ताईच्या सहीसाठी हक्कसोडपत्र. चुलतभाऊ सरळ माणूस. त्याच्या मनात काही नव्हते. कागद लिहिणाऱ्याने नेहमीचा नमुना छापून दिला होता. ‘परदेशातला भाऊ आणि लग्न झालेली बहीण’ म्हटले की हेच दोन कागद निघतात.

मी एकेक शब्द सुटा करून कागदाच्या कडेला साधा अर्थ लिहिला.

‘कुलमुखत्यार’ यातल्या ‘कुल’चा घराण्याशी काही संबंध नाही. अरबी ‘कुल्ल’ म्हणजे सगळे. हाच शब्द ‘एकूण’ या अर्थी हिंदीत आहे. म्हणजे माझ्या नावाने विकणे, गहाण ठेवणे, कोर्टात जाणे, सगळे काही करायला निवडलेला माणूस. मला हवी होती फक्त वारस नोंद आणि मोजणी. त्यासाठी ‘खास मुखत्यारपत्र’ पुरते. त्यात नेमून दिलेलीच कामे करता येतात. दोन्ही मुखत्यारपत्रे देणारा वारला की साधारणपणे आपोआप संपतात. आणि नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर जमीन ‘विकत घेतली’ म्हणणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट सांगितले आहे, की अशाने मालकी मिळत नाही.

‘हक्कसोड’ तर सरळच आहे. हक्क सोडणे. पण ते वाचताना ‘सही करायची एक औपचारिकता’ असे वाचले जाते. हा कागद नोंदला गेला की सोडलेला हक्क परत मागता येत नाही. मुलीचा हक्क मुळात आहे का, हा प्रश्न आता उरलेला नाही. वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलगी १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासूनच वारस आहे. वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली. आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की हा हक्क जन्माने आहे. २००५ साली वडील हयात होते की नव्हते, यावर तो अवलंबून नाही.

मी ताईला फोन केला आणि कडेचे अर्थ वाचून दाखवले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “द्यायचं असेल तर मी हाताने देईन रे. पण हे सोडणं मला कोणी विचारलंच नव्हतं.” तिने सही केली नाही. दादाला मी तसे कळवले. तो म्हणाला, “बरं झालं, मलाही कुठे माहीत होतं!” आज सातबाऱ्यावर आई, ताई आणि मी अशी तीन नावे आहेत. भाऊबीजही पूर्वीसारखीच चालू आहे.

आणखी काही शब्द, जे आपल्यापैकी अनेकांच्या फायलीत असतील :

‘साठेखत’ : साटे म्हणजे सौदा, साटेलोटे यातले. पुढे विकण्याचा हा करार. इथल्या ‘एक्स्चेंज ऑफ कॉन्ट्रॅक्ट्स’चा भाऊ समजा. याने मालकी जात नाही. ती जाते ‘खरेदीखता’ने, म्हणजे आपल्या ‘कम्प्लीशन’ला.

‘भोगवटादार वर्ग १’ आणि ‘वर्ग २’ : भोगवटा म्हणजे उपभोग, वहिवाट. वर्ग १ची जमीन धारकाला हस्तांतरित करता येते. वर्ग २ला आधी सरकारची परवानगी लागते. घेण्यापूर्वी हा एक आकडा जरूर पाहा.

‘कुळ’ : दुसऱ्याची जमीन कसणारा तो कुळ. १९४८च्या कुळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७च्या ‘कृषक दिना’ने कसणाऱ्याला मालक केले.

‘फेरफाराची नोटीस’ : नोंद पक्की होण्याआधी संबंधितांना हरकत घ्यायला १५ दिवस मिळतात. परदेशातल्या माणसाचे हे दिवस बहुधा टपालातच जातात. म्हणून गावी आपला चालू पत्ता द्यावा, आणि अधूनमधून सातबारा संगणकावर पाहावा. आता तो घरबसल्या दिसतो.

‘अपोस्टिल’ : पुन्हा फ्रेंच! अर्थ, कडेला लिहिलेली टीप. इथे नोटरीसमोर सही केलेल्या कागदावर परराष्ट्र खाते ती लावते. भारत २००५ साली या करारात सामील झाला. मुखत्यारपत्र भारतात पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते, हे मात्र विसरू नका.

शब्द कोणासाठी?

१९९९ साली इंग्लंडने आपल्या दिवाणी कोर्टाची भाषा सोपी केली. सातशे वर्षांच्या ‘प्लेन्टिफ’ला निरोप देऊन ‘क्लेमंट’ आणला, ‘रिट’चा ‘क्लेम फॉर्म’ केला. आपल्याकडे १९६० साली राज्य झाल्यावर भाषा संचालनालय निघाले, कोश झाले. १९९८ साली शासनाने जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरवली. हे मोठे काम आहे. पण कोशातल्या ‘व्यादेशा’पेक्षा पक्षकाराला ‘मनाई हुकूम’च लवकर कळतो. तलाठ्याला २०२४ साली ‘ग्राम महसूल अधिकारी’ हे नाव मिळाले, तरी गावात तो तलाठीच आहे. त्याच वर्षी १ जुलैला भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. फसवणुकीचे कलम ४२० आता ३१८ झाले. पण ‘चारशेवीस’ माणसाला कोणी ‘तीनशे अठरा’ म्हणेल असे वाटत नाही. पेशव्यांचीच गोष्ट पुन्हा!

शब्द फारसी आहे, संस्कृत आहे की इंग्रजी, यावरून भांडण्यात मला रस उरलेला नाही. सही करणाऱ्याला तो कळला पाहिजे. आपल्या जुन्या कागदांत दोन शब्द मला फार आवडतात : ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’. कोणत्याही कोशाची गरज नाही. कोण देतो आणि कोण घेतो, दोन शब्दांत स्पष्ट. कुठलाही कागद पुढे आला, की आपण यातले कोण आणि नेमके काय लिहून देतो आहोत, एवढे विचारावे. उत्तर मिळेपर्यंत पेन खिशात ठेवावे. आणि गावाकडे आई, बहीण, मावशी यांच्यापुढे कागद आला असेल, तर फोन करून त्यांनाही ते वाचून, अर्थ सांगून दाखवावे. आपल्या शिक्षणाचा त्यांना एवढा तरी उपयोग व्हायला हवा.